लोणच्याची अर्धी फोड

एक वाक्य आहे, ते मी आता कुणाच्याही दारात बोलत नाही. साधं, गोड, कुणालाही आवडावं असं वाक्य आहे ते: 'तिला हवं ते खायला द्या.' माझ्या तोंडून ते एकदा गेलं आणि त्यापायी एक दहा वर्षांची पोर चार दिवस उपाशी राहिली. तेव्हापासून जिभेला लगाम घातलाय. म्हणजे त्या एका वाक्यापुरताच हं. एरवी माझी जीभ कशी आहे ते मुळशीतल्या कुठल्याही वाडीवर विचारून या.

मी नर्स. वीस वर्षं पुण्यात वॉर्डात काढली आणि मग हे काम धरलं. जी मुलं बरी होणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, त्यांच्या घरी जायचं काम. राहते पिरंगुटला, फिरते स्कूटरवर. लोक विचारतात, "बरी होणार नाहीत ना? मग तुम्ही जाऊन करता काय?" या प्रश्नावर माझं डोकं फिरतं. अहो, बरं होणार नाही म्हणजे आज दुखत नाही का? धाप लागत नाही का? शी अडकत नाही का? त्या आईला रात्रीची झोप नको का? एका लग्नात पंगतीत शेजारच्या बाईंनी हे विचारलं, तेव्हा मी त्यांना एवढ्या मोठ्यानं समजावून सांगितलं की वाढपी जिलबीचं ताट घेऊन तसाच मागं फिरला.

तर ही पोर. कोळवणच्या खोऱ्यात, डांबरी रस्ता सोडून वर चढणीला एक वाडी आहे, तिथली. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं आणि ते कळायला फार उशीर झाला. पुण्यातल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. हृदयापाठोपाठ फुप्फुसंही खराब झाली होती. ओठ आणि नखं कायम जांभळी, नुकतीच जांभळं खाऊन आल्यासारखी. वाडीतली पोरं तिला तसं चिडवायचीही, आणि ती त्यांना जीभ काढून दाखवायची. जीभसुद्धा जांभळीच.

पहिल्यांदा गेले तेव्हा उन्हाळा संपत आला होता. अंगणात पाच-सहा बाया बसून कैऱ्या फोडत होत्या. वर्षाचं लोणचं घालायचं काम चाललेलं. हळद-मोहरीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. पोर ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली, आणि नजर सगळी त्या परातीवर. बाप जवळच्या फार्महाऊसवर राखणदार होता. त्या दिवशी तो घरीच होता, कोयत्याला नवी मूठ बसवत होता.

मी तपासलं, औषधं बघितली, आईशी बोलले. हॉस्पिटलानं पथ्याचा एक कागद दिला होता. मीठ अगदी कमी, लोणचं-पापड बंद, सुकट बंद, पाणी मोजून. आई बिचारी काटेकोर पाळत होती. पोरीच्या ताटात गेले कित्येक महिने अळणी वरण-भात. पोर मला म्हणाली, "ताई, माज्या तोंडाला लाकडाची चव येतीया."

मला कणव आली. आमच्या कामात शिकवतातही की मूल थोड्या दिवसांचं सोबती असेल तर जाचक पथ्यं सैल करा, त्याला जेवणाचा आनंद घेऊ द्या. आणि मी काय, मोठी उदार! उठले, पदर खोचला आणि सगळ्या बायांसमोर, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा कागद ठेवून द्या आता. पथ्य-बिथ्य काही नाही. पोरीला हवं ते खायला द्या."

एका बाईचा कैरी फोडणारा हात वरच्या वर राहिला. बाप कोयता खाली ठेवून गोठ्याकडं निघून गेला. आई माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मला वाटलं, केवढा दिलासा मिळालाय बाईला! मी खुशीत स्कूटरला किक मारली. अक्कल कुठं गहाण ठेवली होती देव जाणे.

आठवड्यानं परत गेले तर दारात चपलांचा ढीग. आत गेले. पोर जिवंत होती, कॉटवर भिंतीकडं तोंड करून निजलेली. आणि भोवती ही माणसं! पौडवरून मामा आलेला, पेढे घेऊन. चुलती शिऱ्याची वाटी घेऊन बसलेली. कुणी जिलबी आणलेली, कुणी कोंबडी कापून रस्सा केलेला, आणि खाली ओढ्यातले खेकडेसुद्धा कुणीतरी धरून आणलेले. जो तो पोरीच्या पाठीवर हात फिरवून म्हणत होता, "बाय, काय खावंसं वाटतंय? सांग की. तुजी काय विच्छा हाय?" आणि डोळे पुसत होता.

आई मला मोरीपाशी घेऊन गेली. "चार दीस झालं, पोटात कायबी न्हाई. गोळीबरुबर पानी आन् कोरा च्या, बास."

"का पण?"

ती चिडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुमीच म्हनला न्हवं का ताई, हवं ते खायाला द्या म्हनून. माज्या सासऱ्याच्या वक्ताला डाक्टर असंच म्हनलं व्हतं. चौथ्या दिशी गेलं ते. ह्या पोरीनं समदं बघितलंय. आज्याच्या उशाशीच बसायची ती."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. अगं बाई, हे मला माहीत नव्हतं का? मी काय विलायतेतून आले होते? माझ्या स्वतःच्या आजोळी डॉक्टर व्हरांड्यात येऊन हेच म्हणाले होते, आणि मामानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना तारा केल्या होत्या. आपल्याकडं पथ्य सुटलं म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं. मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं नाही, कारण मी प्रशिक्षणात शिकलेलं वाक्य मराठीत बोलले आणि ते मराठीत काय होतं ते ऐकलंच नाही.

आधी मी घर मोकळं केलं. "चला, उठा सगळे. पोरीला वारा लागू द्या. पेढे घरी जाऊन खा." मामा जरा गुरकावला, पण माझ्यापुढं त्याचं काही चाललं नाही. मग मी कॉटपाशी बसले. पोरीनं तोंड वळवलं नाही. भिंतीशीच बोलली.

"मी माजी विच्छा सांगितलीच न्हाई कुनाला."

"का गं?"

"आज्यानं सांगितली व्हती. बासुंदी म्हनला. खाल्ली, आन् गेला."

दहा वर्षांची पोर, तिनं पुरता हिशेब लावला होता. आवडीचं मागितलं नाही, खाल्लं नाही, तर मरण दारातच ताटकळत बसेल. पोटात भुकेचा डोंब आणि घरभर रश्श्याचा वास, आणि ही दात घट्ट मिटून पडलेली. एवढी हिंमत मी मोठ्या माणसांत बघितली नाही. मला रडू आलं आणि मी रडले, लपवलं नाही.

बाहेर येऊन मी आईला म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. मला तसं म्हणायचं नव्हतं."

तिनं सरळ विचारलं, "मंग बरी हुईल ती?"

ह्या कामात मी एक गोष्ट पाळते. विचारलेल्याला खोटं उत्तर द्यायचं नाही. "नाही," म्हणाले.

"मंग फरक काय पडला?"

स्कूटरवर बसले आणि पिरंगुटपर्यंत स्वतःला शिव्या देत आले. कंपन्या सुटल्या होत्या, चौकात बस आणि ट्रक एकमेकांत अडकलेले, आणि मी हेल्मेटच्या आत बडबडतेय. बाजूचा रिक्षावाला माझ्याकडं बघून रिक्षा जरा लांब घेऊन गेला. फरक होता, मला ठाऊक होतं. ही पोर अजून काही महिने जगणार होती, नीट जगू शकणार होती, आणि मी एका वाक्यानं तिला आजच तिरडीवर बांधून आले होते. ते वाक्य मागं घ्यायचं कसं, एवढंच सुचत नव्हतं.

घरी जेवायला बसलो. नवऱ्याला ब्लडप्रेशर. त्यानं सवयीनं पापडाकडं हात नेला आणि मी सवयीनं त्याच्या हातावर चापट मारली. "खबरदार!" तो हसला. म्हणाला, "मार बाई, मार. ज्या दिवशी तू मला 'घ्या हो अजून एक' म्हणशील, त्या दिवशी मी वकील बोलावून मृत्युपत्र करीन."

मी हातातला घास तसाच ताटात ठेवला. हेच तर होतं! पोरीचं पथ्य मी काढून घेतलं होतं, ते परत द्यायला हवं होतं.

हात धुऊन आमच्या डॉक्टरांना फोन लावला. उगाच नाटक म्हणून पथ्य सांगायचं नव्हतं मला. खोटं तर मला कुठंच चालत नाही. ते म्हणाले, मीठ जरा आवरलं तर पायांची सूज खरंच कमी राहील, धापही कमी लागेल. पण पहिल्यासारखं अळणी नको, तिचं जेवण मारू नका. झालं तर मग. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि जाड स्केचपेननं लिहिलं: पापड बंद. सुकट बंद. पाणी मोजून. भाताला चवीपुरतं मीठ. दुपारी झोपायचंच. रोज ओट्यापर्यंत चालायचंच. आणि सगळ्यात वर, ठळक: लोणचं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाडीवर. अंगणात मुद्दाम थांबले, चार बाया जमेपर्यंत. मग तालुक्याच्या सभेत वाचतात तसा कागद वाचला, एकेक कलम, आवाज चढवून. चुलती म्हणाली, "पथ्य हाय व्हय अजून?"

"आहे तर! कडक आहे. आणि कुणी जिलब्या घेऊन आलं तर माझ्याशी गाठ आहे."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. आईच्या चेहऱ्याचं काय वर्णन करू? ओझं उतरवताना बाई 'हुश्श' करते, तसं झालं तिचं. तिला माहीत होतं की पोर जाणार आहे. काल मीच सांगितलं होतं. पण आज जायची नव्हती. आज तिला वरण-भात करायचा होता.

आतून आवाज आला. "लोनचं पन न्हाई?"

"नाही!"

"आवो, ह्या वर्सीचं? म्या चाकलंबी न्हाई."

"नाही म्हटलं ना."

खुडबुड झाली. पोर कॉटवर उठून बसली होती, केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, पण वकिलासारखी. "येक फोड."

"नाही."

"अर्दी."

मी विचार केल्यासारखं केलं. "अर्धी. फक्त रविवारी. आणि आत्ता निमूट भात खाल्लास तर."

"आन् किती दीस हे पथ्य?"

"मी सांगेपर्यंत."

"लई खडूस हायेत ह्या ताई," ती आईला म्हणाली आणि पेजभात खाल्ला. वाटीभर. रागारागानं खाल्ला, पण खाल्ला. बाप दारात उभा होता. तो आत आला, माझ्या हातातून कागद घेतला आणि देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला अडकवला. मग तांब्याला आतून रेघ मारून दिली, दिवसाचं पाणी तेवढंच. त्या दिवसापासून रोजचा तांब्या तोच भरायचा.

पुढं पावसाळाभर मी आठवड्याला जायचे. स्कूटर खाली रस्त्याला लावायची आणि चिखलातून वर चढायचं. जळवा लागायच्या, शिव्या घालत चढायचे. धापेसाठी औषध थेंबाथेंबानं कसं वाढवायचं ते आईला शिकवलं. धाप लागली की टेबलफॅन थेट तोंडावर लावायचा, ते बापाला शिकवलं. उशा रचून कसं निजवायचं ते दोघांना. लाईट गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडायचं. त्यासाठी सिलिंडर हवा म्हणून मी किती दारं ठोठावली आणि किती साहेबांचं डोकं खाल्लं ते त्या साहेबांनाच विचारा. सिलिंडर आला. मी आणणारच होते.

आणि दर खेपेला आमचं भांडण. पोर लोणचं चोरायची. मी बोटांचा वास घेऊन पकडायचे. "हा कसला वास गं?"

"हळदीचा. पाय मुरगाळलाय माजा."

"हळदीला मेथी-मोहरीचा वास कधीपासून यायला लागला?"

सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती भातलावणीच्या दिवसांत. दुखणं कळल्यापासून आईनं पोरीला रागवणंच सोडलं होतं. आमच्याकडं आया पोरींना दिवसातनं दहा वेळा 'मेले' म्हणतात. 'मेले, पाट सरळ मांड.' 'मेले, केस विंचर की.' त्यात प्रेमच असतं, अर्थाकडं कुणी बघत नाही. पण ज्या घरात मरण येऊन बसलंय, तिथं आई तो शब्द कसा उच्चारेल? तिनं तो पार गिळून टाकला होता. नुसतं 'बाय माजी, बाय माजी' चालायचं. त्या दिवशी पोरीनं तांब्या पालथा केला, सगळं पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीवर. आणि आईच्या तोंडून सुटलं, "अगं मेले, डोळं फुटलं का तुजं!"

आईनं दोन्ही हात तोंडावर दाबले. आणि पोर हसायला लागली. इतकी हसली की धाप लागली, फॅन लावावा लागला, तरी हसतच होती. "पुन्यांदा म्हन," म्हणाली.

मग ते सुरूच झालं. घर पहिल्यासारखं आरडाओरड्याचं झालं. मला ते गाणं ऐकल्यासारखं वाटायचं.

गौरी उठल्या, त्या आठवड्यात तिनं मला गाठलं. ऊन पडलं होतं, ओट्यावर आम्ही दोघीच. पायांना सूज आली होती, मी तेल लावत होते. ती म्हणाली, "ताई, ते पथ्य खरंच हाय का, का मला येडं बनवाय काडलंय?"

"अर्धं खरं आहे. सूज कमी राहते त्यानं. अर्धं तुझ्याशी भांडायला मला आवडतं म्हणून."

तिनं आपल्या सुजलेल्या पायांकडं बघितलं. "मी बरी न्हाई ना व्हनार?"

तेलाचा हात थांबवला नाही मी. "नाही, बाळा. नाही होणार."

"आईला ठावं हाय?"

"आहे. बाबांनाही."

"मंग पथ्य कवा सुटनार? तुमी सांगनार?"

तेव्हा मला जे सुचलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. "मी नाही सांगणार. डॉक्टर नाही, आई नाही, मामा तर मुळीच नाही. तुझं पथ्य तू सोडायचं. तुला वाटेल तेव्हा. तोवर कुणाची हिंमत नाही तुला 'काय हवं ते खा' म्हणायची."

"मंजी मीच सांगायचं?"

"तूच."

"आन् कदीच न्हाई सांगितलं तर?"

"तर मला रोज भांडायला यावं लागेल. येईन."

तिला ते पटलं. हात पुढं करून तिनं माझ्याकडून पक्कं वचन घेतलं आणि मग म्हणाली की आज रविवार आहे, अर्धी फोड उधार राहिली आहे. होता शुक्रवार. दिली मी.

भात कापून झाला, खळी झाली, थंडी पडली. पोर ओट्यापर्यंत यायची ती कॉटपुरती झाली. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी फोन आला. आईचा आवाज अगदी शांत. "ताई, ती म्हनतीया, पथ्य सुटलं म्हनून सांगा ताईंना."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, आईच्या मांडीवर, धाप न लागता, बापानं धरलेल्या फॅनच्या वाऱ्यात. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला शेवट तिथं करायचा नाही. मला त्या सकाळचं सांगायचंय.

मी पोचले तेव्हा ती उशांना टेकून बसलेली. खिळ्यावरचा कागद तिनं बापाकडून काढून घेतला होता आणि घडी करून उशीखाली ठेवला होता. कुणी पाहुणा नाही, पेढे नाहीत. नुसती आम्ही घरातली माणसं. होय, मी घरातलीच. आईनं बरणी आणली होती. मी पहिल्यांदा आले त्या दिवशी अंगणात ज्या कैऱ्या फोडल्या जात होत्या, त्याच ह्या.

"अख्खी," ती म्हणाली. आईनं अख्खी फोड हातावर ठेवली. तिनं ती तोंडात धरली, डोळे मिटले, गाल आत ओढले. चावायची ताकद नव्हती, चोखत राहिली.

"आता मुरलंय," म्हणाली.

मग डोळे उघडून आईकडं बघितलं. आई नुसती बघत होती. सकाळपासून तिच्या तोंडातून 'बाय माजी'शिवाय शब्द नव्हता. पोरीनं सावकाश हात उचलला आणि सरळ बरणीत घातला, मनगटापर्यंत. खारात बोटं बुडवून वाट बघत राहिली.

मला कळलं ती कशाची वाट बघतेय. आईलाही कळलं. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. बापानं मान फिरवली. मी मनात म्हटलं, म्हण गं बाई, म्हण, एवढं एक कर.

आईनं श्वास घेतला आणि अंगणापार ऐकू जाईल अशी ओरडली, "मेले! बरनीत हात घालतीस व्हय? समदं लोनचं नासवशील की गं वर्साचं!"

आणि पोर हसली.